बैठकीचं गाणं घरी रेकॉर्ड करताना: माइक, खोली आणि एक हात अंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत फ्लॅट, रेकॉर्डिंगसाठी १० बाय ११ फुटांची बेडरूम. शास्त्रीय गायन शिकता, पट्टी काळी चार (म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा तुमचा ‘सा’). रविवारी हार्मोनियम आणि तबल्याचे साथीदार घरी येतात. एक यूएसबी माइक घेतला होता, पण त्यावर आवाज ‘पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा’ येतो. आता ५० हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. माइक कोणता घ्यावा, भिंतींना फोम लावावा का, आणि जुना माइक विकून टाकावा का?

मी वीसेक वर्षं गाणं-बजावणं रेकॉर्ड करतोय. स्टुडिओत केलं, त्याहून जास्त लोकांच्या घरी आणि देवळाच्या सभामंडपात केलं. खरेदीआधी एक गोष्ट सांगतो. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंमधला माणूस खुर्चीत बसलेला असतो, माइक त्याच्या ओठांपासून चार बोटांवर असतो आणि त्याला एकट्याचाच आवाज घ्यायचा असतो. त्याने सांगितलेली खरेदीची यादी त्याच्यासाठी बरोबर आहे. तुम्ही मांडी घालून बसणार, आलापात मान एका बाजूला झुकणार, तानेला हात आणि डोकं दोन्ही फिरणार, आणि शेजारी दोन वाद्यं वाजणार. ती यादी जशीच्या तशी उचलली तर ५० हजार जातील आणि डबा डबाच राहील.

आज रात्री एक प्रयोग करा. आहे त्याच माइकवर एका बंदिशीची स्थायी (पहिला भाग) तीनदा म्हणा: पहिल्यांदा चार बोटांवरून, मग एका वितीवरून, मग एका हातावरून, म्हणजे साधारण दीड फुटावरून. तिन्ही ऐका. चार बोटांवर आवाज जाडसर, मंद्रात (खालच्या सप्तकात) फुगलेला येईल. एकाच दिशेने ऐकणारा माइक तोंडाजवळ आला की खालचे स्वर आपोआप वाढवतो, हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय चार इंचांवर गाताना मान चार इंच मागे गेली की अंतर दुप्पट होतं आणि आवाज ६ डेसिबलने पडतो. दीड फुटावर तीच चार इंचांची हालचाल जेमतेम पावणेदोन डेसिबलची असते, कानाला फारशी जाणवतही नाही. ख्यालाला माइक एका हातावर लागतो तो एवढ्यासाठी.

पण एका हातावर गेलात की खोली ऐकू येते. तुमचा थेट आवाज अंतरासोबत कमी होतो, भिंतींवरून परतून येणारा तेवढाच राहतो. तुमचा डबा म्हणजे माइक नव्हे, उघड्या भिंतींची ती बेडरूम. महागडा माइक लावलात तर तोच डबा जास्त स्वच्छ ऐकू येईल.

म्हणून पहिला खर्च खोलीवर, आणि तो सुदैवाने कमी आहे. खोलीच्या मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. त्यातली एक तरी झाका. फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, तुमच्या पाठीमागे भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेली जाड गोधडी, आणि कपड्यांचं कपाट उघडं. गोधडी मागे टांगायला सांगतो, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्या पाठीमागची भिंतच ‘दिसते’. बहुतेक लोक माइकच्या मागे अर्धगोल ढाल लावतात आणि स्वतःच्या मागची भिंत उघडी ठेवतात. बेड खोलीतच राहू द्या, कापसाची गादी आवाज चांगली खाते. भिंतीला अगदी चिकटून बसू नका, खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर बसून पाहा.

आता फोम. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा एक इंची फोम घेऊ नका. तो फक्त वरचे स्वरांश खातो, खालचे तसेच सोडतो. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. इंचभर स्पंजला ती दाद देत नाही. परिणाम असा की आवाजातली चमक जाते, घुमारा राहतो, आणि डब्याचा माठ होतो. शिवाय स्वस्त फोम आग चटकन पकडतो; झोपायच्या खोलीत तो भिंतभर डकवणं मला पटत नाही. करायचंच असेल तर सुताराकडून चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या, त्यात दोन इंच जाडीचा, ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरा आणि वरून सुती कापड ताणून लावा. भिंतीपासून दोन इंच पुढे टांगल्या तर आणखी खालपर्यंत काम करतात. अशा चार चौकटी या खोलीला पुष्कळ झाल्या. भरताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, तंतू टोचतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. गोधडी, फोम, रॉकवूल यातलं काहीही बाहेरचा आवाज थांबवत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं, खालच्या मजल्यावरचं ड्रिल हे सगळं येणारच. ते अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. भाड्याच्या किंवा सोसायटीच्या घरात ते होत नाही. त्यावर इलाज वेळेचा. पहाटे पाच ते सात ही मुंबईच्या उपनगरांत त्यातल्या त्यात शांत वेळ. एप्रिल-मेमध्ये कोकीळ तेवढा त्रास देतो, आणि तो नेमका उंच सुरात असतो.

पंखा बंदच. चालू पंख्याचा नुसता घरघराट नसतो, पाती आवाजाला कापतात आणि लांब लावलेला षड्ज थरथरता येतो. नंतर ते कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. एसी असेल तर आधी खोली गार करून घ्या, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करा, वीस मिनिटांनी थांबून पुन्हा लावा. तबल्याची कातडी मात्र अशा चढउतारात सरकते. तबलजींना प्रत्येक वेळी मिळवून घ्यायला वेळ द्या.

बांगड्या काढून ठेवा. हे मी प्रत्येक गायिकेला सांगतो आणि प्रत्येक वेळी एकीच्या तरी टाळी देणाऱ्या हातात दोन राहतात.

माइककडे येतो. गळ्यासाठी कंडेन्सर (बाहेरून वीज घेणारा, नाजूक आवाजही टिपणारा माइक) घ्या. दीड फुटावरून मंद्रातला हळू स्वर टिपायला तो हवा. स्टेजवरचा डायनॅमिक माइक तिथे फार गेन मागतो, म्हणजे त्याचा आवाज खूप वाढवावा लागतो. पहिला माइक म्हणून ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० पुरेसा आहे. तुम्ही विचाराल की ‘रोड’ कंपनीचा एनटी १ का नको, तो तर फार शांत आहे म्हणतात. खरंय. एनटी १ ची स्वतःची सळसळ अवघी ४ डेसिबल आहे, एटी २०२० ची २०. पण शहरातल्या फ्लॅटची खोली पंखा बंद केल्यावरही ३० ते ३५ डेसिबलची कुजबुज करत असते. त्या कुजबुजीखाली दोन्ही माइकांची सळसळ बुडून जाते, आणि त्या शांततेसाठी मोजलेले जास्तीचे पैसे तुमच्या कानापर्यंत पोचत नाहीत. उद्या गावी मोठ्या वाड्यात किंवा साउंडप्रूफ खोलीत गायला लागलात तर एनटी १ घ्या. तो माइक वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण उरलेल्या पैशात तबल्याला माइक येतो आणि त्याने रेकॉर्डिंगमध्ये पडणारा फरक कोणालाही ऐकू येतो.

तबल्याला शुअरचा एसएम ५७. साठच्या दशकातलं डिझाइन आहे, अजून निघतं, हातातून पडलं तरी चालतं, दमट हवेचं त्याला काही नाही. दायां (उजवा, उंच सुराचा) आणि डग्गा (डावा, खर्जाचा) यांच्या मध्ये, वादकाच्या समोरच्या बाजूने, वीत-दीड वीत वर धरा आणि तोंड किंचित दायांकडे ठेवा. डग्गा आपोआप पुरेसा येतो, उलट जास्तच येतो. दायांच्या शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) थेट रोखलात तर ‘तीं’ टोचरा लागतो. किनार (कडेची पट्टी) आणि मैदान (शाईभोवतीची मोकळी कातडी) यांच्या मधल्या भागाकडे वळवून ऐका. एकाच माइकने चाट (कडेवरचा बोल) स्वच्छ आणि डग्ग्याची मींड (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं) गोल आली की झालं. दोन माइक लावून दोघांचं भांडण सोडवत बसण्यात अर्थ नाही.

हार्मोनियमला सुरुवातीला माइकच नको. हे वाचून तुमचे हार्मोनियमवाले नाराज होतील. पण ११ फुटांच्या खोलीत हार्मोनियम गळ्याच्या माइकमध्ये आणि तबल्याच्या माइकमध्ये इतकी येते की तिला तिसरा माइक दिला तर मिक्स करताना (सगळे आवाज एकत्र जुळवताना) मी तो बहुतेक बंदच ठेवतो. तिचा आवाज कमी पडला तर वाद्य वीतभर पुढे सरकवा. माइक लावायचीच वेळ आली तर भात्याच्या बाजूने लावू नका. भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट येते. वरून, हातभर अंतरावरून घ्या.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कोण कुठे बसणार. मैफलीत तबला गायकाच्या उजव्या हाताला आणि हार्मोनियम डावीकडे असते, तोंडं श्रोत्यांकडे. साथीदार तुमच्या घरी आले की सवयीने तसेच बसतील. पण घरात समोर श्रोते नाहीत. एका दिशेने ऐकणारा कार्डिऑइड माइक बाजूचा आवाज फक्त ६ डेसिबलने कमी करतो. बरोबर पाठीमागचा मात्र जवळजवळ गिळतो. म्हणून तबलजींना तुमच्या समोर बसवा, तुमच्याकडे तोंड करून, सहा-सात फुटांवर. तुमच्या माइकची पाठ त्यांच्याकडे, त्यांच्या माइकची पाठ तुमच्याकडे. दोन्ही ट्रॅक एका झटक्यात स्वच्छ होतात, एक रुपयाही खर्च न होता. आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना नजरानजर होते ती वेगळीच. ज्या जोड्यांना मी असं बसवलं, त्यांनी पुढे घरच्या रियाजालाही तीच बैठक ठेवली. हार्मोनियम दोघांच्या मध्ये, जराशी माइकच्या पाठीमागच्या बाजूला सरकलेली.

मैफलीसारखंच बसायचं असेल, व्हिडिओसाठी म्हणा, तर एक उपाय आहे. काही माइकांना आठच्या आकड्यासारखी दिशा निवडता येते. एटी २०५० हा त्यातलाच. तो पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंना ठार बहिरा असतो. तुमच्या डाव्या-उजव्या हाताचे साथीदार नेमके त्या बहिऱ्या बाजूंना येतात. फक्त माइकच्या मागे गोधडी टांगा, नाहीतर समोरची भिंत गाऊ लागते.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजान यांच्या तबकड्या केल्या तेव्हा माइक नव्हताच. विजेचं रेकॉर्डिंग १९२५ नंतरचं. समोर कर्णा, त्यात गायचं, आणि कुठलं वाद्य किती ऐकू यावं हे ते कर्ण्यापासून किती लांब ठेवलंय त्यावर ठरायचं. सव्वाशे वर्षं झाली, तरी मी तुमच्या बेडरूममध्ये हार्मोनियम वीतभर सरकवायला सांगतोय ते त्याच विद्येतलं.

माइक ओठांच्या समोर सरळ नको. ओठांच्या पातळीपेक्षा चार बोटं वर आणि खाली हनुवटीकडे वळवलेला ठेवा. बंदिशींमध्ये ‘भ’, ‘फ’, ‘घ’ भरपूर असतात. त्यांचा श्वास माइकच्या खालून निघून जातो. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) असू द्या, दोनतीनशे रुपयांचा चालतो. टेबलाला चिमटा लावायचा हात घेऊ नका, तुम्ही टेबलाशी बसणार नाही. लांब आडवी दांडी असलेला साधा उभा स्टँड घ्या, दांडी खाली झुकवा. जमिनीवर बसल्यावर तुमचं तोंड साधारण अडीच फुटांवर येतं. दांडी लांब काढली की स्टँड पुढे कलंडतो. मागच्या पायावर दोन किलो तुरीच्या डाळीची पिशवी ठेवा. तबल्याला मात्र आखूड स्टँड लागतो. दोन्ही स्टँडखाली घडी घातलेलं पायपुसणं घाला, कारण टाइल्सवरून डग्ग्याचा आणि मांडीवरच्या टाळ्यांचा धक्का स्टँडमधून वर चढतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याने किचनच्या मांडणीवरची भांडी कुठेतरी ‘किण्ण’ करतात, तेही एकदा शोधून काढा. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये दोन तास शोधलेला ‘तिसरा टाळ’ म्हणजे स्टीलच्या डब्याचं झाकण होतं.

इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली पेटी. तिला बजेटचा साधारण तिसरा हिस्सा द्या. भाव डॉलरबरोबर हलतात म्हणून रुपयांत लिहीत नाही. नावातल्या आकड्याला भुलू नका. फोकसराइटचा स्कारलेट फोर-आय-फोर ऐकलं की चार माइक लागतील असं वाटतं, पण त्याला माइकची जागा दोनच. बाकीच्या दोन लाइनच्या, म्हणजे कीबोर्ड वगैरेसाठी. दोन माइकांवर कायम राहायचं तर टू-आय-टू छान आहे, आणि त्याच्या चौथ्या पिढीत लेव्हल आपोआप लावायची सोय आहे. तुमच्याकडे मात्र उद्या सारंगी येईल, परवा शिष्या येईल. मी बेहरिंगरचा यूएमसी ४०४ एचडी सुचवेन. त्याला खरोखर चार माइक लागतात. प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारे भाग) स्कारलेटइतके देखणे नसतील, पण या खोलीत तो फरक कळणार नाही. कंडेन्सर लावल्यावर ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका. विसरलात तर माइक मुका राहील आणि तुम्ही दुकानदाराला फोन कराल. एसएम ५७ ला ते व्होल्ट लागत नाहीत, गेले तरी त्याचं काही बिघडत नाही.

आता लेव्हल. बारा-तेरा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात सत्तरीच्या पुढच्या एका गायकांचं रेकॉर्डिंग मी केलं. आजोबांनी आधी पाच मिनिटं आलाप करून दाखवला, मी त्यावर गेन लावला आणि खुशीत बसलो. मध्यलयीची बंदिश, अंतरा तिसऱ्यांदा, आणि त्यांनी ध्यानीमनी नसताना तार गंधारावर जाऊन जो मुक्काम केला तो माझ्या हेडफोनमध्ये फाटला. लाल दिवा लागलेला मी पाहिला. थांबवायची छाती झाली नाही. संपल्यावर ते म्हणाले, ‘आज गंधार लागला बुवा.’ तो गंधार माझ्याकडे आहे, फाटलेला. पुन्हा गायला मी सांगितलं नाही.

तेव्हापासून लेव्हल आलापावर लावत नाही. तुम्ही जितकं वर जाता तितकं वर जा, सगळ्यात जोरकस तान घ्या, आणि ती उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फाटतो) थांबेल एवढाच गेन ठेवा. मग मंद्रातला आलाप पडद्यावर बारीक दिसेल, घाबरू नका. २४ बिटवर (आवाज मोजायची बारकाई) रेकॉर्ड करताय ना, तो बारीक आवाज नंतर सहज वर आणता येतो. फाटलेला परत शिवता येत नाही. तबल्याचंही तसंच: तबलजींना ‘जरा वाजवा’ म्हटलं की ते संकोचून ठेका धरतात. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) मागा.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ हजार ठेवा, व्हिडिओला तोच लागतो. इंटरफेस आणि सॉफ्टवेअर या दोन्हींत आकडा सारखा आहे ना ते पाहा. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ४४.१ राहिलं तर गाणं जवळजवळ दीड सेमिटोन (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर) वर किंवा खाली ऐकू येतं. म्हणजे तुमची काळी चार पांढरी सहाच्याही वर जाऊन बसते, आणि तुम्ही दिवसभर स्वतःच्या गळ्यावर शंका घेत राहता. सॉफ्टवेअरमध्ये माझी पसंती रीपरला. ६० दिवस वापरून पाहता येतं, लायसन्स स्वस्त आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. तीन ट्रॅक, २४ बिट, एक तास म्हणजे दीड जीबी होतं. डिस्कवर जागा बघूनच बसा.

हेडफोन बंद पाठीचे घ्या, एटीएच-एम ४० एक्स किंवा त्याच्या जवळपासचे. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तानपुरा गळून माइकमध्ये जातो. आपल्याच आवाजाचा पडसाद कानात उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न नेता थेट कानात देणारं) बटण चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज बंद करा. विंडोजवर त्या इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा जलद करणारं सॉफ्टवेअर) टाका. एवढ्याने नव्वद टक्के तक्रारी मिटतात.

पण दोन्ही कान झाकून शास्त्रीय गाणाऱ्या फार कमी जणी मी पाहिल्या. कान बंद झाले की गळा दाबला जातो नाहीतर स्वर चढतो. एक कान मोकळा ठेवा. घरात खरा तानपुरा असेल तर हेडफोन बाजूला ठेवा आणि तानपुरा दोन-तीन फुटांवर बाजूला छेडायला बसवा. जवारीची ती भिनभिन तुमच्या माइकमध्ये थोडी गळली तर गळू द्या, गाण्याला ती बांधून ठेवते. ॲपचा तानपुरा फोनच्या स्पीकरवर नको, त्यात खर्ज उरतच नाही. बऱ्यापैकी छोटा स्पीकर घेऊन तो तुमच्या माइकच्या बरोबर पाठीमागे, हळू आवाजात ठेवा. आणि मिक्समध्ये तोच तानपुरा, त्याच पट्टीत, वेगळ्या ट्रॅकवर स्वच्छ घाला. हार्मोनियमशी आधी मिळवून घ्या. हार्मोनियम ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही, ॲप मात्र असतं.

‘गुंऽऽ’ असा सलग आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, भिंतीतल्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. बहुतेक वेळा तिथेच जातो. इन्व्हर्टरवर घर चालू असेल तर रेकॉर्डिंग करू नका, स्वस्त इन्व्हर्टरची किरकिर सगळीकडे घुसते. आणि कोणी कितीही सांगितलं तरी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापू नका. तो ‘गुंऽऽ’ जातो म्हणून लोक कापतात, पण तीच पिन तुम्हाला शॉकपासून वाचवते.

रेकॉर्डिंगनंतर फार काही करू नका. गळ्याच्या ट्रॅकमधलं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. काळी चारला तुमचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ, मंद्र पंचम १५६, म्हणजे खाली कापून काही जात नाही. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र षड्ज मात्र ६९ हर्ट्झला असतो, त्याला हाच आकडा लावलात तर खर्ज सोलला जाईल. कॉम्प्रेशन (मोठा आवाज थोडा दाबणं) दोनास एक, मोठ्या स्वरांवर तीनेक डेसिबल. थोडा हॉल रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा), ऐकू येऊ लागला की अर्धा करा. नॉइज रिडक्शन जपून: जवारी आणि आस (स्वरामागे रेंगाळणारी गुंज) त्याला गोंगाट वाटतात. ऑटोट्यून अजिबात नको, ते स्वराला पियानोच्या पट्टीवर ओढतं, मींड पायऱ्यांची होते आणि आंदोलित (मुद्दाम झुलवलेल्या) गंधाराचं हसं होतं. आवाज चढवून सपाट करू नका. यूट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं तसंही साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली आणतं. गुरुजींना पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत पिळून निघतं.

पावसाळ्यात कंडेन्सर उघडा ठेवू नका. माइकच्या आतल्या पडद्यावर दमटपणा बसला की तो तडतडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा, पुड्या दर महिन्याला तापवून कोरड्या करा. तडतडायला लागलाच तर हेअर ड्रायर नको. त्याच डब्यात दोन दिवस राहू द्या, बहुधा सुधारतो.

जुना यूएसबी माइक विकू नका. त्याला नव्या इंटरफेसबरोबर एकाच वेळी जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका. दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि अर्ध्या तासाच्या ख्यालात तबला आणि गळा एकमेकांपासून सरकतात. तो रोजच्या रियाजाला ठेवा. सकाळी उठून चार केबली जोडायचा कंटाळा येतो, यूएसबी एक वायर खुपसली की चालू. आणि नवीन काही मागवण्याआधी गोधडी टांगून, एका हातावरून, त्याच्यावरच एकदा गाऊन बघा. माइकची ऑर्डर महिनाभर पुढे ढकलावीशी वाटली तर ढकला. इंटरफेस आणि एसएम ५७ पुढच्या रविवारपर्यंत आले तरी तबल्याचं काम सुरू होईल.